एक सुई, पाच चौकटी

सुई एकच टोचली आणि खुणा पाच केल्या. माझ्या नातीचे, ठकीचे पाय धरून मी समोरच उभा होतो, त्यामुळे मला कुणी काही सांगायला नको. सिस्टरने छोट्या बाटलीतलं औषध ओढलं, मांडीत सुई घातली, काढली, कापसाचा बोळा दाबला. ठकीने क्षणभर तोंड नुसतंच उघडं ठेवलं आणि मग असा काही सूर लावला की बाहेरच्या बाकावरची पोरंही रडायला लागली. तेवढ्यात ही बाई टेबलाकडे वळून कार्डावरच्या पाच चौकटींत पाच खुणा करून मोकळी. एकाच पेनाने, एकाच दमात, पाचही खुणांची शेपटं एकाच बाजूला झुकलेली. तेहतीस वर्षं मी लिफ्टच्या कंपनीत काढली, पहिली बारा मेकॅनिक म्हणून आणि उरलेली तपासनीस म्हणून, आणि अशा खुणा बघूनच मी माणसं घरी पाठवलेली आहेत. वरच्या मशीनच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. महिन्याला एक चौकट. मेकॅनिकने लोखंडी शिडीने वर जायचं, ब्रेक बघायचा, दोर बघायचे, ग्रीस घालायचं आणि मग चौकटीत खूण करायची. प्रत्यक्षात काय व्हायचं? गडी पाच महिन्यांतून एकदा वर जायचा आणि पाचही चौकटी एकदम भरून टाकायचा. मी कार्ड हातात घेतलं की आधी शाई बघायचो. पाच महिन्यांची शाई एकसारखी दिसली की समजायचं, इथे पाच महिने कुणी फिरकलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी लेकीच्या उजव्या बाजूला गेलो. आमच्या घरात सगळ्यांच्या पायांना ही सवय आहे. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, अगदी काही म्हणजे काही नाही, अकरा महिन्यांची असल्यापासून. त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर उजवीकडून. जावई बोटीवर नोकरीला असतो, सहा सहा महिने येत नाही, पण आला की दारातून थेट तिच्या उजवीकडे जातो. मी तिला म्हटलं, ‘‘बघितलंस ना? सुई एक, खुणा पाच.’’ ती ठकीला थोपटत होती. म्हणाली, ‘‘पाचांची मिळून एकच असते आता. सिस्टर म्हणाल्या.’’ ‘‘त्या म्हणणारच. एका भांड्यात पाच जिन्नस घातले तर कुठला कमी पडला हे कुणाच्या बापाला कळतंय? तुझ्या वेळी बघ, वेगळी बाटली, वेगळी सुई, वेगळी तारीख. सगळं डोळ्यांदेखत. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.’’ ती काही बोलली नाही. माझी लेक काही बोलत नाही तेव्हा ते तिच्या आत उतरलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं. पण मी आपला माझ्याच तोऱ्यात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, कुणाला रंगेहाथ पकडलेलं नाही, त्यामुळे त्या पाच खुणांनी मला तरतरी आली होती म्हणा ना. रात्री ठकीचं अंग किंचित गरम झालं, सकाळी उतरलं. तेवढ्यावरूनही मी एक टोमणा मारून घेतला.

पुढचे दिवस तसे साधेच गेले. ठकी हसायला शिकली. मी बाजारातून भाजी आणायचो, बाळाचे कपडे वाळत घालायचो, आणि कुठल्याही इमारतीत गेलो की लिफ्टचा आवाज कान देऊन ऐकायचो, ही जुनी खोड. अधूनमधून ते कार्ड मात्र डोळ्यांपुढे यायचं. चौकटींच्या वर बारीक अक्षरांत नावं होती: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ आणि शेवटी हिब. या पाचव्या नावावर माझी नजर ठरायची नाही. त्याच्यावरून घसरून पुन्हा घटसर्पावर यायची. हिब म्हणजे तो जंतू, ज्याच्याने लहान पोरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. मला ही माहिती कुठून, असं कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगणाऱ्यातला नाही.

चार आठवडे होत आले तसा दवाखान्यातून लेकीच्या फोनवर निरोप आला, दुसरा डोस बुधवारी. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी दुपट्यांच्या घड्या करत होती. निरोप वाचून तिने फोन पालथा ठेवला. मी विचारलं, ‘‘किती वाजता जायचं?’’

‘‘जायचं नाहीये.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे नाही द्यायची मला. तुम्हीच म्हणालात ना, पाणी मुरतंय.’’

‘‘अगं, मी आपलं बोललो. माझ्या बोलण्याला काय धरतेस!’’

‘‘तुमच्या बोलण्याला नाही धरलं.’’ ती उठली, आतल्या कपाटातून एक फाईल घेऊन आली आणि तिच्यातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. ‘‘हे धरलं. हे माझं. आईने जपून ठेवलेलं. बघा, एकही चौकट मोकळी नाही. सगळ्या सुया वेळच्या वेळी. वेगळी बाटली, वेगळी सुई, सगळं डोळ्यांदेखत. आणि हा कान बघा.’’ तिने डाव्या कानावर टिचकी मारली. ‘‘आई काय म्हणायची? सुयांत काही राम नाही. सगळं देऊनसुद्धा पोरीचा कान गेला. मी तेव्हा म्हणायचे, आई काहीतरीच बोलते. पण आता ठकीला टोचताना बघितलं आणि वाटलं, उगाच कशाला त्या जिवाला? ज्याने मला वाचवलं नाही ते तिला काय वाचवणार?’’

मी ते कार्ड हातात घेतलं. आणि मग बघितलं की बायकोने ते प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं होतं. कडा वितळवून, पक्कं. कधी केलं असेल? मला ठाऊकच नव्हतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. दुकानात उभी राहून तिने ते करून घेतलं असणार, नीट करा हो, पोरीचं कार्ड आहे, असं म्हणून. खालच्या, हिबच्या ओळीत तीन चौकटी. पहिलीत डॉक्टरांच्या हाताची खूण, आखूड, टोकाशी जाड. दुसरीत निळी. तिसरीत काळी. दुसरी आणि तिसरी एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम वेगळ्या काढलेल्या, एकीचं शेपूट लांब, एकीचं तोकडं. मी जर कंपनीतर्फे तपासायला गेलो असतो तर ते कार्ड मलाही पास करावं लागलं असतं, इतकं सफाईदार काम होतं. कार्ड परत ठेवायचं सोडून मी ते हातातच धरून बसलो. लेकीला वाटलं, आईच्या आठवणीने. ‘‘चहा टाकू का बाबा?’’ म्हणाली. मी म्हटलं, टाक.

लेक तान्ही होती तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची तिहेरी सुई सोमवारी असायची, काविळीची त्याच्या पुढच्या सोमवारी आणि ही हिबची नवीनच आलेली, ती डॉक्टर फक्त गुरुवारी द्यायचे. एवढ्याशा जिवाला दर चार-आठ दिवसांनी काहीतरी टोचायचंच. बायको बाळंतपणानंतर पाठीने आडवी झालेली, त्यामुळे नेणं माझ्याकडे. पहिल्या गुरुवारी नेली. आधीच्या दोन सोमवारांचे डाग मांडीवर होतेच. डॉक्टरांचा पांढरा अंगरखा दिसताच ती जी किंचाळली ती घरी येईपर्यंत. मला घाम फुटला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोसच्या गुरुवारी गेलो तर रांग जिन्यापर्यंत आलेली आणि ती माझ्या खांद्यावर झोपलेली. तोंड उघडं, लाळेने माझी कॉलर भिजलेली. मी रांगेत पाचसात मिनिटं उभा राहिलो. आता ही झोपेतून उठणार, पांढरा अंगरखा बघणार, आणि मीच तिचे पाय धरून ठेवणार. मी वळलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, देऊन आणलं. ती म्हणाली, अगंबाई, आज रडली नाही? मी म्हटलं, शहाणी झाली आता. मग शर्टाच्या खिशात हात घातला, तिथे नेहमीसारखी तीन पेनं होती. निळं, काळं आणि एक जरासं फिकं निळं. मेकॅनिक लोक तशी बाळगायचेच. मीही बाळगायचो, तपासनीस व्हायला अजून वेळ होता. कार्डावर खूण करायला मला बटण दाबण्याइतकाही वेळ लागला नाही. तिसऱ्या डोसच्या गुरुवारी तर मी गेलोच नाही. बागेत तासभर तिला फिरवून आणली.

अकराव्या महिन्यात ताप आला, मान ताठ झाली, डोळे वर गेले. दवाखान्यात नऊ दिवस. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हिची टोचणी झाली का सगळी? बायकोने उठून पर्समधून कार्ड काढलं. ती कार्ड घेतल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर बोट फिरवलं, थांबले, म्हणाले, ‘‘नवल आहे. पण होतं असं क्वचित.’’ त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या इमारतीवर लिफ्टच्या मशीनची खोली दिसत होती, आणि मी तिच्या दाराला कुलूप आहे का ते बघत होतो, इतका मी नालायक. पोर वाचली. कान गेला. आणि बायकोच्या मनात कायमचं बसलं की सुयांत काही राम नाही. तिला मी कधी खोडून काढलं नाही. कसं काढणार? पुढे तपासनीस झाल्यावर माझ्याइतका कडक तपासनीस कंपनीत नव्हता. लोक म्हणायचे, याला कार्डावरून माणसाच्या घरचं कळतं. कळणारच.

लेकीने नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच ठकीच्या दवाखान्यात गेलो. खोटं कशाला बोलू, सिस्टरला पकडायला गेलो होतो. ती खोटी निघाली असती तर मी सुटलो असतो. म्हणजे सगळीच कार्डं खोटी, सगळेच तसले, माझं एकट्याचं काय घेऊन बसलात, असं काहीतरी मनात होतं. बाकावर कुणी नव्हतं. सिस्टर डबा खात होती. मी ठकीचं कार्ड तिच्यापुढे टाकलं आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, ‘‘एका सुईच्या पाच खुणा कशा काय?’’

तिने घास गिळला. मला वाटलं आता चाचरेल. तिने हात धुतले, छोट्या फ्रीजमधून एक बाटली काढली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. ‘‘चष्मा लावा, आजोबा. वाचा. पाच नावं आहेत का? मोजा हवं तर.’’ पाच होती. मी म्हटलं, ‘‘बाटलीवर काय, काहीही छापता येतं. ठकीला हीच दिली कशावरून?’’

‘‘कार्ड उलटून बघितलंत?’’

मी उलटलं नव्हतं. एकवीस वर्षं तपासनीस होतो, आणि कार्ड उलटलं नव्हतं. मागच्या बाजूला एक बोटाएवढं लेबल चिकटवलेलं होतं, बाटलीवरून सोलून काढलेलं, त्यावर आकडे आणि तारीख. ‘‘बाटली फोडली की हे निघतं आणि मग इथे लागतं,’’ ती म्हणाली. ‘‘बाटली न फोडता लेबल कुठून आणणार? नुसत्या खुणेवर आम्हीही विश्वास ठेवत नाही हो आता.’’

‘‘का?’’ मी विचारलं. माझा आवाज ठेवणीतला राहिला नव्हता.

‘‘अहो, माणसं स्वतःच करून आणायची. कामाचा खाडा होतो, पोर रडतं, चार चार वेळा कोण येणार? मी त्यांना दोष देत नाही. एका पोराला नऊ सुया म्हणजे आईबापांचाच जीव जातो. आता पाचांची एक झाली तर तीन खेपांत काम होतं. पोराला कमी दुखतं, खेप कमी चुकते, कुठला डोस राहिला हे शोधत बसायला लागत नाही. आणि राहिलाच तर राहू दे की! कोरी चौकट दिसली की मी फोन करते, घरी जाते, भांडते. कोऱ्या चौकटीचं मला काही वाटत नाही. ती आपण होऊन ओरडते. भरलेल्या चौकटीपुढे मात्र माझे हात टेकतात. तिथे मी पोराला तसंच पुढे पाठवणार ना.’’

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: नवव्या महिन्यात बायकोने लेकीला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं होतं, गोवराच्या सुईला. तेव्हा पाठ बरी झाली होती तिची. डॉक्टरांनी कार्ड बघितलं असणार. चौकट कोरी असती तर म्हणाले असते, अहो, हे राहिलंय, आता देऊन टाकू. दोन महिने हातात होते. गुरुवारी मी वळून आलो हा काही मोठा गुन्हा नव्हता. झोपलेलं पोर घेऊन कुणीही वळेल. पेन काढलं हा गुन्हा. आजवर मी स्वतःला शिव्या घालत होतो त्या रांगेतून वळण्यासाठी, पेनासाठी नव्हे. सिस्टर म्हणाली, ‘‘आजोबा, बसा. पाणी देऊ? घाम आलाय तुम्हाला.’’ मी पाणी प्यालो. ‘‘बुधवारी आणताय ना बाळाला?’’ मी म्हटलं, बघतो.

घरी आलो तर लेक सोफ्यावर बसून ठकीला पाजत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो. हेही सांगून टाकतो आता. वर्षानुवर्षं मी अधूनमधून तिच्या डाव्या बाजूला बसत आलोय. टीव्ही चालू असला, ती वाचत असली की मी तोंडातल्या तोंडात ते वाक्य म्हणायचो. ‘मी तुला नेलंच नव्हतं.’ ती मान वर करायची नाही. मला तेवढ्यापुरतं मोकळं वाटायचं. एकदा ती नववीत असताना तिने एकदम माझ्याकडे बघितलं होतं, आणि मला आठवडाभर झोप नव्हती. हिला कळलं का, ही ओठ वाचते का, की नुसतंच बघितलं? तेव्हापासून तिच्या प्रत्येक गप्प बसण्याचा मला संशय येत आला. आत्ताही ओठांवर तेच आलं. मग मी ठकीकडे बघितलं. तिचा वरचा कान लेकीच्या दंडाबाहेर आलेला, लाल, दुमडलेला, त्याच्यामागे अजून जावळ चिकटलेलं. मला लेकीला म्हणता आलं असतं की सिस्टर खरी आहे, लेबल आहे, चल जाऊ, आणि लेक म्हणाली असती, लेबल खरं असेल हो, पण माझ्या वेळी कार्ड काय खोटं होतं? त्यापुढे माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे जाऊन बसलो.

‘‘तुला त्या सुया दिल्याच नव्हत्या,’’ मी म्हटलं. ‘‘पहिली दिली. दुसरी आणि तिसरी नाही. खुणा मी केल्या.’’

ती हलली नाही. ठकीच्या घुटक्यांचा आवाज येत होता.

‘‘परत सांगा,’’ ती म्हणाली.

‘‘ऐकू आलं नाही?’’

‘‘आलं. परत सांगा.’’

मी परत सांगितलं. रांग, जिना, भिजलेली कॉलर, बाग, निळं पेन, काळं पेन. नवव्या महिन्याचंही सांगितलं. तिने ठकीला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, ढेकर निघाला. मग म्हणाली, ‘‘आईला?’’

‘‘नाही सांगितलं.’’

‘‘आई जन्मभर म्हणायची, माझंच काहीतरी चुकलं. पोटात असताना मी काय खाल्लं, कुठे गेले. सुयांत राम नाही हे ती लोकांना सांगायची, बाबा. मला रात्री हे सांगायची.’’

हे मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मी रडलो, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता आणि नाक पुसत. लेक रडली नाही. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

बुधवारी दहा वाजता ती ठकीला घेऊन बाहेर आली. मला या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. मी चपला घातल्या. दवाखान्यात ठकीचे पाय तिने स्वतः धरले. एक सुई. ठकीने तोच जुना सूर लावला. सिस्टरने बाटलीवरचं लेबल सोललं, कार्डाच्या पाठीवर चिकटवलं, अंगठ्याने दाबलं. लेकीने ते कार्ड माझ्यापुढे धरलं. ‘‘तपासा,’’ म्हणाली. मी पुढून बघितलं, उलटून मागून बघितलं, आणि म्हटलं, ठीक आहे. तिने कार्ड माझ्या हातातून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. सिस्टर म्हणाली, तिसऱ्याला चार आठवड्यांनी या. लेक म्हणाली, येणारच.

रस्त्यावर आल्यावर माझे पाय सवयीने तिच्या उजवीकडे वळले. तिने ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, दोन पावलं मागे राहिली, माझ्या मागून वळसा घालून पलीकडे आली आणि चालू लागली. आता मी तिच्या डावीकडे होतो. घरापर्यंत मी दोनदा तिच्याशी बोललो. दोन्ही वेळा ठकीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.